आंघोळीचा शेवट विकणारे मालक

बाळांनो,

गेल्या रविवारी तुमच्यापैकी मोठ्यानं मला त्याच्या कॉलेजचा एक फॉर्म पाठवला. विषय होता, जागतिक अर्थव्यवस्थेत आंतरराष्ट्रीय व्यवसाय कसा सांभाळावा. घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसानं असं काम केलं असेल तर त्याला चौदा प्रश्न विचारायचे आणि प्रत्येक उत्तर पन्नास शब्दांत लिहून घ्यायचं. "आजी, तू एक्स्पोर्टमध्ये होतीस ना? दहा मिनिटांचं काम आहे," असं तू म्हणालास. मी चष्मा पुसून बसले. पहिली तीन उत्तरं झालीही. चौथा प्रश्न असा होता: 'निरनिराळ्या देशांतल्या ग्राहकांच्या सवयी समजून घेण्यासाठी तुमच्या कंपनीचं धोरण काय होतं?' तिथं माझं पेन थांबलं. धोरण होतं. पण ते धोरण रोज सकाळी अकरा वाजता बॉयलरच्या मागे आंघोळ करायचं, आणि ते पन्नास शब्दांत मावणारं नव्हतं.

फॉर्म भरून पाठवला आहे. चौथी जागा कोरी आहे. हे तिचं उत्तर. धाकटीला मराठी वाचायला वेळ लागतो, तेव्हा तिला आईनं वाचून दाखवावं आणि मधले भाग गाळू नयेत.

मी तीस वर्षं सोलापुरात मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्त होऊन महिना झाला असेल. कपड्यांची कपाटं लावून झाली, मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावून झाल्या, आणि आता काय लावावं असा विचार करत होते. तेवढ्यात एक उंच, काळेसावळे, पांढऱ्या शर्टाची वरची गुंडी उघडी ठेवलेले गृहस्थ दारात उभे राहिले. खांद्यावर टॉवेल होता. मला वाटलं, नळ दुरुस्त करायला आले.

"बाई, तुमच्या शाळेतली पोरगी आमच्याकडं कागदपत्रं बघती," ते म्हणाले. "तिचं इंग्रजी बघून मला वाटलं, हिला शिकवणारी बाईच आणावी. चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना हाय माझा. बाहेरदेशी माल जातो. पत्रं लिहायची."

मी विचारलं, "कुठकुठल्या देशांत?"

"ते तुमी आलं की सांगतो. आधी हे सांगा, तुमी पाठ पुसताना टॉवेल आडवा धरता का तिरका?"

मी दार लावून घेणार होते. तुमचे आजोबा आतून ओरडले, "तिरका!" आणि अशी माझी नोकरी पक्की झाली. पुढची नऊ वर्षं मी तिथं होते.

त्यांना सगळे मालक म्हणत. मीही म्हणायचे. घरी ते तेलुगू बोलत, आमच्याशी मराठी, सुताच्या व्यापाऱ्याशी कन्नड आणि बॉयलरवाल्या चाचांशी दख्खनी. इंग्रजी त्यांना येत नव्हतं आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. आयुष्यात विमानात बसले नाहीत. पण सात देशांतल्या माणसांच्या न्हाणीघरात काय चालतं याची जेवढी माहिती त्यांना होती तेवढी त्या देशांच्या सरकारांनाही नसेल.

कारण त्यांचं म्हणणं असं होतं, "आपण टॉवेल विकत नाही बाई. आंघोळीचा शेवट विकतो. मग आंघोळ कशी हाय ते कळल्याबिगर शेवट कसा करायचा?"

म्हणून नव्या ग्राहकाची चौकशी आली की किंमत, मुदत, वजन हे सगळं नंतर. पहिल्या पत्रात मालकांचे प्रश्न जायचे. तुमच्याकडे लोक बादलीनं आंघोळ करतात की टबात बसून? दिवसातून किती वेळा? पाठ, कान, केस घासून पुसतात की नुसतं टिपून घेतात? टॉवेल वाळत कुठं घालता? तिथं ऊन येतं का? माणसागणिक टॉवेल वेगळा की घरात एकच?

पहिल्यांदा हे लिहून घेताना माझे कान तापले. मी म्हटलं, "मालक, परक्या देशातल्या कंपनीच्या अधिकाऱ्याला हे असं विचारत नाहीत."

"का? तो आंघोळ करत नाही का?"

मग मी तीस वर्षांचं सगळं इंग्रजी पणाला लावून ते प्रश्न इतके गुळगुळीत केले की वाचणाऱ्याला नेमकं काय विचारलंय तेच कळू नये. मालकांनी कागद हातात घेतला. इंग्रजी वाचता येत नव्हतं तरी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"ह्यात 'पाठ' कुठंय?"

"पाठ असं नाही लिहिलं. 'वापराच्या स्थानिक पद्धती' असं लिहिलंय."

"मी पाठ म्हणालो, कान म्हणालो, केस म्हणालो. मला ते तीन शब्द दाखवा."

ते तीन इंग्रजी शब्द त्यांनी पाकिटावर मराठी अक्षरांत लिहून घेतले, पाठ केले, आणि पुढं प्रत्येक पत्रात शोधू लागले. नाही सापडले तर पत्र परत. शाळेत इन्स्पेक्टरसुद्धा माझ्या वह्या इतक्या बारकाईनं तपासत नसत.

गंमत म्हणजे उत्तरं यायची. जपानच्या एका माणसानं आकृत्या काढून पाठवल्या, बाणांसकट. दुबईच्या एका व्यापाऱ्यानं मात्र 'तुम्ही टॉवेल विकता की चौकशा करता' असं विचारून पत्रव्यवहार बंद केला. मालक म्हणाले, "जाऊ द्या. त्याच्या घरी एकच टॉवेल असणार."

मग पाणी. प्रत्येक ग्राहकाकडून मालक त्याच्या गावच्या नळाचं पाणी मागवत. बाटलीभर. सोलापूरच्या पाण्यात चार वेळा धुतला की मऊ टॉवेलचा पापड होतो, आणि त्याच टॉवेलला दुसऱ्या गावच्या पाण्यात काहीच होत नाही, हे त्यांनी स्वतः करून पाहिलं होतं. ऑफिसात माझ्या टेबलामागच्या फळीवर त्या बाटल्या ओळीनं उभ्या असत. त्यांना चिठ्ठ्या मीच लावल्या होत्या, देशांच्या वर्णक्रमानं. एका मे महिन्यात टँकर आला नाही आणि पाहुणे आले. शिलाई विभागाच्या मुकादम यल्लव्वा, कुंभारी गावच्या, कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या. त्यांनी कुणाला न विचारता फळीवरची पहिली दिसली ती बाटली चहाच्या पातेल्यात ओतली. मालकांनी एक घोट घेतला, कपाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "यल्लव्वा, हा कॅनडा हाय."

"मग काय झालं?" यल्लव्वा म्हणाल्या. "ग्वाड लागतोय की."

आंघोळीचं आधी सांगितलं ते खरंच आहे. रोज एखादा नवा नमुना मागावरून उतरून, धुऊन वाळलेला असायचाच, तो घेऊन मालक अकरा वाजता बॉयलरमागच्या न्हाणीत जात. साडेअकराला ओल्या केसांनी तो टॉवेल खांद्यावर टाकून माझ्यासमोर बसत आणि मजकूर सांगत. "लिहा. तुमचा टॉवेल अंगाला लावून बघितला. पाठीला चांगला हाय. कानाला जाड पडतो. काठ थोडा बारीक करतो." त्यांचा मुलगा पुण्याला मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत होता, तो आला की हे बघून कपाळाला हात लावायचा. "नाना, जगात ह्याला प्रयोगशाळा असतात."

"असू देत की. त्या प्रयोगशाळेला पाठ हाय का?"

आणखी एक सवय सांगते, कारण पुढं ती लागणार आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मालक सगळ्या देशांचे सण आणि सुट्ट्या लाल पेन्सिलीनं लिहून ठेवत. ते शोधून काढायचं काम माझं. त्या दिवशी त्या देशाला फोन नाही, पत्र नाही, ईमेलसुद्धा नाही. "सणाच्या दिवशी धंद्याचं तोंड दाखवायचं नाही. पोरंबाळं आलेली असतात घरात." सात देशांच्या सुट्ट्या, शिवाय आपल्या, शिवाय सोलापूरची जानेवारीतली गड्ड्याची जत्रा. डिसेंबर-जानेवारीच्या पानांवर तर इतकं लाल असायचं की काम कधी करायचं हे मी विचारत असे. ते म्हणत, "उरलेल्या दिवसांत जोरात करायचं."

आता खरी गोष्ट.

डेन्मार्कमध्ये एक बाई होत्या, तिकडच्या हॉटेलांना चादरी-टॉवेल पुरवणाऱ्या. कारखान्यात त्यांना सगळे डेन्मार्कबाई म्हणत. त्या एकदाच सोलापूरला आल्या होत्या. मालकांनी त्यांच्यासमोर पाण्याची बादली आणि चार टॉवेल ठेवले आणि कोपरापर्यंत हात बुडवून पुसून बघायला सांगितलं. बाईंनी घड्याळ काढून ठेवलं, बाह्या वर केल्या आणि चारही टॉवेलांनी हात पुसले. तिसऱ्याला मान हलवली. त्यांची पहिली मोठी ऑर्डर आली ती त्याच टॉवेलची, चार हजार नग, पांढरे.

ती ऑर्डर साधी नव्हती. त्याआधीचं वर्ष वाईट गेलं होतं. दोन देशांनी स्वस्त माल दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली होती आणि बारापैकी पाच माग बंद होते. कारखान्याच्या जागेवर गोदाम बांधायला एक माणूस तयार होता आणि मुलानं विक्रीचे कागद तयार ठेवले होते. मालकांनी त्याला सांगितलं होतं, "डेन्मार्कचा माल वेळेत आणि बिनतक्रार गेला, तर माग चालू राहतील. नाही गेला, तर मी सही करतो." हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. बेचाळीस माणसं उभी होती. यल्लव्वा नंतर मला म्हणाल्या, "बाई, मला ह्या वयात दुसरं कोण घेतंय?"

ह्या धंद्यात एक रीत असते. ऑर्डर देण्याआधी ग्राहकाला दोन नमुने पाठवायचे. एक तो धुऊन, वापरून पाहतो. दुसरा पारदर्शक पिशवीत घालतो, पिशवीला सील करतो, सही करतो आणि तपासणी करणाऱ्या कंपनीकडे देतो. माल तयार झाला की त्या कंपनीचा माणूस तो सीलबंद नमुना घेऊन कारखान्यात येतो आणि माल हुबेहूब तसा आहे ना ते बघतो. त्यानं हो म्हटलं की कंटेनर हलतो.

आणि आमच्या कारखान्याची स्वतःची एक रीत होती. नव्या नमुन्याचा मागावरून उतरलेला पहिला नग मालक विणकरांच्या दैवताच्या, मार्कंडेयाच्या तसबिरीपुढं ठेवत आणि त्याच्या एका कोपऱ्याला हळदीचं बोट लावत. ऑर्डर रवाना झाली की तो टॉवेल ज्यानं विणला त्याला मिळायचा.

आता मी माझं सांगते. तसबिरीपुढं उदबत्तीची राख पडायची. पांढऱ्या टॉवेलवर राख मला बघवेना. म्हणून एका शनिवारी मी तो टॉवेल झटकला, हळदीचा कोपरा आत जाईल अशी छान घडी घातली आणि नमुन्यांच्या कपाटात, त्याच्या जागी, चिठ्ठी लावून ठेवला. आणि आठवड्यानं डेन्मार्कला दोन नमुने पाठवायचे तेव्हा त्या चिठ्ठीखालचे वरचे दोन उचलले. डेन्मार्कबाईंनी एक धुऊन पाहिला. दुसरा घडीही न मोडता पिशवीत घालून सील केला. घडी प्रवासात सैल होऊन कोपरा पिशवीच्या मागच्या बाजूला आला होता. तिकडं कुणी पिशवी उलटून पाहिली नाही.

सोलापुरात पाहिली. तपासणीचा साहेब डोंबिवलीहून आला होता, चाळिशीचा, अतिशय सज्जन आणि घामानं भिजलेला. एप्रिल होता. त्यानं चार हजारांतले ठरावीक नग मोजले, ताणले, वजन केले, सगळं उत्तम. मग पिशवी उलटली.

"हे काय?"

सगळ्यांनी पाहिलं. मी पाहिलं आणि माझी घडी ओळखली.

"हळद हाय," मालक म्हणाले.

"तुमच्या मालाला नाहीये."

"मालाला कशी असंल? पूजेच्याच टॉवेलला असती."

साहेबानं फॉर्म काढला. "मालक, मला दिसतंय की ही हळद आहे. मला कळतं. पण फॉर्मला कळत नाही. इथं एकच ओळ आहे, सीलबंद नमुना आणि माल यांत फरक आहे का? हो किंवा नाही. हो लिहिलं की माल थांबतो."

"मग आम्ही चार हजारांना हळद लावू का?" यल्लव्वा म्हणाल्या. त्या बाह्या वर करून तयार होत्या. "दोनशे गिरामची पुडी आणली की झालं."

"नको, नको!" साहेब आणि मी एकदम ओरडलो.

त्यानं खरोखर दुसरा रस्ता नाही असं सांगितलं. आधी एकदा एका कारखान्यात त्यानं असंच समजून घेतलं होतं आणि त्याला वरून पत्र आलं होतं. डेन्मार्कबाईंनी फोनवर किंवा ईमेलवर 'चालेल' म्हटलं तरच. पण तो गुरुवार होता, आणि कॅलेंडरवर डेन्मार्कसमोर गुरुवार ते सोमवार लाल होतं. ईस्टर. आणि शनिवारी दुपारी कंटेनर निघाला नाही तर बोट चुकणार होती.

"बाईंचा घरचा नंबर आहे आपल्याकडे," मी म्हणाले. "त्यांनीच दिला होता. अडचण आली तर करा म्हणून."

"सण हाय त्यांचा."

"मालक, ही अडचण आहे!"

"अडचण आपली हाय. सण तिचा हाय."

मुलाचा पुण्याहून फोन आला. तो स्पीकरवर होता, त्यामुळं सगळ्यांनी ऐकलं. "नाना, एक फोन करा फक्त. दोन मिनिटं. जगात सगळे करतात."

"पोरंबाळं आली असतील तिच्याकडं. जेवायला बसली असतील. मी नाही करणार."

"मग सही करणार?"

मालकांनी फोन ठेवला.

तेव्हा मी सांगितलं. राख, घडी, कपाट, चिठ्ठी, सगळं. वर्गात चूक कबूल करायला मुलींना मी किती वेळा उभं केलं होतं, आणि आता मी उभी होते.

मालक ऐकत होते. मग म्हणाले, "हळद कुणी लावली? मी लावली. कपाटात कुणी ठेवला? तुमी. सील कुणी केलं? तिनं. दोन देशांतल्या तिघांनी मिळून केलंय हे. ह्यालाच आंतरराष्ट्रीय म्हणत्यात बाई. बसा की."

मग ते साहेबाकडं वळले. "पिशवीचं सील तोडायचं नाही, बरोबर?"

"अजिबात नाही."

"तुमच्या नजरेआड करायची नाही?"

"नाही."

"तिला ऊन दाखवायला बंदी हाय का?"

साहेबानं नियमांची पुस्तिका काढली. शांतपणे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मीही त्याच्या मागं उभी राहून वाचली. पाणी, आग, रसायनं, उंदीर, सगळ्यांचा उल्लेख होता. उन्हाचा नव्हता. ज्यानं ती लिहिली तो कधी सोलापुरात आला नसावा.

हळदीचा डाग साबणानं लाल होतो आणि उन्हात उडतो, हे इथल्या कुठल्याही बाईला माहीत आहे. तरी मालकांनी आधी दुसऱ्या टॉवेलला हळद लावली, तसल्याच पिशवीत घातला आणि दुपारभर गच्चीवर ठेवला. संध्याकाळी निम्मा डाग गेला होता. साहेबानं तो पाहिला आणि म्हणाला, "उद्या सकाळी आठ वाजता सुरू करू."

शुक्रवारी कारखान्याच्या गच्चीवर एक खाट टाकली. खाटेवर पांढरी चादर, चादरीवर डेन्मार्कचा सीलबंद नमुना, मागची बाजू वर. शेजारी खुर्चीत तपासणीचा साहेब, डोक्यावर काळी छत्री, गळ्यात ओला टॉवेल, हातात ताकाचा तांब्या. नमुना नजरेआड करायचा नव्हता. दुसऱ्या खुर्चीत मालक, छत्रीशिवाय, जन्मापासून ह्याच उन्हात असल्यासारखे.

दर तासानं खालून कोणीतरी वर यायचं.

"गेला का?"

"हाय अजून."

"किती हाय?"

"फिक्या चहाएवढा."

दहाच्या सुमाराला साहेबाच्या पत्नीचा फोन आला. त्याचं बोलणं आम्ही ऐकलं. "गच्चीवर आहे... टॉवेलला ऊन देतोय... नाही गं, माझा नाही... डेन्मार्कचा... नाही, मी बराय, ताप नाहीये."

यल्लव्वा ताकाची दुसरी खेप घेऊन आल्या आणि मालकांवर उखडल्या. "तुमी बसा उन्हात, तुमी हितलेच हाय. ह्यो साहेब भाजंल की! लेकुरवाळा माणूस हाय." मग त्यांनी आपल्या पदराची सावली साहेबावर धरायचा प्रयत्न केला, पण ती सावली डागावर पडायला लागली, तेव्हा सगळेच ओरडले. त्या रागानं खाली गेल्या आणि पाठोपाठ कांदा पाठवला, ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवायला.

दुपारी मालकांनी साहेबाला विचारलं, "तुमी डोंबिवलीला आंघोळ कशी करता?" आणि त्या गृहस्थानं, इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं अशा थाटात, पाणी किती वाजता येतं इथपासून सासऱ्यांच्या सवयींपर्यंत तासभर सांगितलं. मी दोनदा वर गेले. दोन्ही वेळा सासरेच चालू होते.

त्या संध्याकाळी डाग होता, पण शोधावा लागत होता. शनिवारी सकाळी पुन्हा खाट, पुन्हा छत्री. खाली चार हजार टॉवेल खोक्यांत, खोकी कंटेनरमध्ये, दार उघडं. माग त्या सकाळी कुणी सुरूच केले नाहीत. कारखाना इतका शांत मी कधी ऐकला नव्हता.

अकरा वाजता साहेबानं भिंग काढलं. पिशवी उलटसुलट केली. सावलीत नेली, पुन्हा उन्हात आणली. "मला काही दिसत नाही," तो म्हणाला. "मालक, तुम्हाला?"

"मला तर लावली होती ते माहीत हाय, म्हणून दिसल्यासारखी वाटती. यल्लव्वाला बघू दे."

यल्लव्वांनी पाहिलं. त्यांचे डोळे शिलाईवर तयार झालेले होते, धाग्याचा दोष त्यांच्या नजरेतून सुटत नसे. "न्हाय," त्या म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

साहेबानं 'नाही' लिहिलं. पण माणूस खरा होता. शेरा लिहायच्या रिकाम्या जागेत माझ्याकडून इंग्रजी नीट करून घेऊन त्यानं लिहिलं, 'नमुन्यावर हळदीचा डाग होता. सील न तोडता, माझ्या उपस्थितीत, तो उन्हानं गेला.' दीड वाजता कंटेनर निघाला.

मला वाटलं, संपलं. मालक म्हणाले, "आता पत्र. सगळं लिहा. तिला न सांगता डाग घालवलाय आपण. हे तिला आपल्याकडून कळलं पाहिजे, फॉर्मवरनं नाही."

"ती माल परत पाठवू शकते, मालक. बोट अजून सुटलीसुद्धा नाही."

"पाठवू शकती. लिहा."

पत्र लिहिलं. त्यात हळद होती, मार्कंडेय होता, माझी घडी होती, ज्यानं विणला त्याला तो टॉवेल मिळतो हेही होतं. आणि ते मंगळवारपर्यंत पाठवायचं नाही, कारण सण. मंगळवारी त्यांचं ऑफिस उघडलं तेव्हा मी बटण दाबलं. मुलगा कागद घेऊन पुण्याहून आला होता आणि समोर बसला होता. मालक त्या दिवशी आंघोळीला गेले नाहीत.

तासाभरात उत्तर आलं. मी ते उभ्यानं, मराठी करत करत, मोठ्यानं वाचलं.

डेन्मार्कबाईंनी लिहिलं होतं की नमुना न उलटता सील केला ही त्यांच्या ऑफिसची चूक आहे. माल त्या घेत आहेत. मात्र पुढच्या वेळी ह्या बोटाचा उल्लेख करारात असावा, म्हणजे कुणाला गच्चीवर बसावं लागणार नाही. ज्यानं तो टॉवेल विणला त्याचा टॉवेल आता सीलबंद पिशवीत अडकला आहे, तर त्याला दुसरा द्यावा. आणि शेवटी असं: 'तुम्ही फोन का केला नाहीत? पाचही दिवस पाऊस होता. मी घरात एकटीच होते. कुणाचाच फोन आला नाही.'

मालक मला म्हणाले, "ती शेवटची ओळ परत वाचा."

मी वाचली.

"पोरंबाळं नाहीत तिला?"

"माहीत नाही, मालक. आपण आंघोळीचं विचारलं होतं. हे विचारलंच नाही."

त्यांनी मुलाकडं पाहिलं. त्यानं कागद पिशवीत घातले आणि म्हणाला, "चहा घेऊ."

पुढच्या ईस्टरला, ऐन सणाच्या दिवशी, मालकांनी पहिल्यांदा स्वतःहून फोन लावायला सांगितला. धंद्याचं एक अक्षर काढायचं नाही अशी मला ताकीद होती. मी विचारलं, पाऊस आहे का. बाई म्हणाल्या, आहे. मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "सांगा, हितं ऊन हाय." इतकंच बोलणं झालं, आणि पुढं दरवर्षी तेवढंच होत राहिलं.

मालक जाऊन दोन वर्षं झाली. कारखाना आता मुलगा बघतो. सोमवारी पुण्याहून येतो, गुरुवारी जातो. त्यानं बाटल्या काढल्या, न्हाणी पाडून तिथं नवा बॉयलर बसवला, आणि नमुने तपासायला प्रयोगशाळेत पाठवतो. यल्लव्वा घरी बसल्या आहेत, त्यांची सून शिलाईवर आहे. डेन्मार्कबाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेला माणूस कुणाला ओळखत नाही, पण ऑर्डर देतो.

बारा मागांपैकी आठ चालू आहेत. आणि परदेशी जाणाऱ्या प्रत्येक करारात अकरावं कलम आहे, जे मी लिहिलं होतं आणि मुलानं बदललेलं नाही. त्यात म्हटलं आहे की मंजूर नमुन्याच्या एका कोपऱ्यावर पिवळ्या रंगाचं एक बोट असू शकेल, तो दोष समजू नये, आणि मालावर तसं बोट असण्याची आवश्यकता नाही.